आंदोलनाची तालीम

महाराष्ट्रात कुठलंही मोठं आंदोलन उभं राहिलं की त्यावरच्या वादात अमेरिकेचं साठचं दशक हटकून येतं. एक बाजू म्हणते, तिथल्या तरुणांनी रस्त्यावर उतरून व्हिएतनामचं युद्ध थांबवलं आणि आमची पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, त्याच तरुणांनी केस वाढवले, गांजा ओढला, विद्यापीठं बंद पाडली. ती थेरं आपल्याकडे नकोत. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी राज्यसभेत वापरलेला ‘आंदोलनजीवी’ हा शब्द निघतो, पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाचा विषय निघतो, आणि अमेरिका बाजूलाच राहते.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये राहून हे वाद वाचताना वाटतं, दोन्ही बाजू त्या दशकाचे फोटो बघून बोलताहेत. फोटोत जे दिसतं त्याच्या आधी महिनोन्‌महिने काय चाललं होतं, पैसे कुठून आले, कोणाला काय शिकवलं होतं, कुठे घोटाळा झाला, याची चौकशी कोणी करत नाही. ती करायला हवी, कारण तो सगळा व्यवहार आपल्याला आजही उपयोगी पडणारा आहे. शिवाय त्यातला एक महत्त्वाचा धागा नागपुरातून आलेला आहे.

जेम्स लॉसन हे मेथडिस्ट पंथाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्यांनी वर्षभराहून जास्त तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ साली ते मिशनच्या कामासाठी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तीन वर्षं तिथे मुलांचे खेळ सांभाळत त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते परतले, पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटले, आणि किंग यांच्या आग्रहाखातर दक्षिणेत, म्हणजे नॅशव्हिलला येऊन राहिले.

इथे त्यांनी पहिल्यांदा मोर्चा काढला नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बसून लोकांना विचारलं, तुम्हाला रोज सर्वात जास्त कशाचा जाच होतो? बायकांनी सांगितलं, गावातली मोठी दुकानं आमचे पैसे घेतात, पण दमलेल्या पोराला घेऊन त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसता येत नाही, मुलाला शौचालयात नेता येत नाही. लढ्याची जागा अशी ठरली. पुस्तकातून किंवा पक्षाच्या ठरावातून ती आली असती तर घराघरातल्या बायका पुढे दुकानांवर बहिष्कार टाकायला उभ्या राहिल्या नसत्या.

१९५९ च्या हिवाळ्याआधी क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू झाले. डायान नॅश, जॉन लुइस, बर्नार्ड लाफाएत, जेम्स बेव्हल ही पुढे देशभर गाजलेली नावं त्या वर्गातली. तिथे भाषणं कमी आणि तालीम जास्त. खुर्च्या ओळीने मांडून काही जण ग्राहक होत, काही जण गुंड. गुंड झालेले शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, मागून खुर्ची ओढत. ग्राहक झालेल्यांनी उलट हात उचलायचा नाही, मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत राहायचं. खाली पाडलं तर अंगाचं मुटकुळं करून डोकं आणि पोट कसं झाकायचं, एकाला फार मार बसायला लागला तर दुसऱ्याने मध्ये पडून तो मार स्वतःवर कसा घ्यायचा, हे पुन्हा पुन्हा करून घेतलं जाई. ज्याला राग आवरत नाही त्याला काउंटरवर पाठवत नसत. त्याच्यासाठी दुसरी कामं होती आणि ती कमी दर्जाची मानली जात नव्हती.

मग चाचणी. २८ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबर १९५९ या दोन शनिवारी थोडे विद्यार्थी दोन मोठ्या दुकानांत गेले. आधी काहीतरी किरकोळ खरेदी केली, म्हणजे ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही’ असं म्हणायची सोय उरत नाही. काउंटरवर बसले, खायला मागितलं, नकार मिळाला, व्यवस्थापकाशी शांतपणे बोलले, उठून परत आले. परतल्यावर कोण काय म्हणालं याची उजळणी. हे सगळं कसलीही बोंबाबोंब न करता.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरोत चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर बसले तेव्हा ठिणगी पडली असं सांगितलं जातं. नॅशव्हिलमध्ये तोवर फौज तयार होती. १३ फेब्रुवारीला, बर्फ पडलेल्या शनिवारी, १२४ विद्यार्थी चांगले कपडे घालून, पुस्तकं घेऊन फिफ्थ अव्हेन्यूवरच्या तीन दुकानांत जाऊन बसले. बर्नार्ड लाफाएत आणि जॉन लुइस यांनी लिहिलेले नियम पुढे हाती देण्यात आले. शिवी दिली तरी उलट शिवी किंवा हात नाही. खिदळायचं नाही. दुकानाच्या माणसांशी वाद घालायचा नाही. प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. दुकानाचा दरवाजा आणि आतल्या वाटा अडवायच्या नाहीत. ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे. शेवटची ओळ येशू, महात्मा गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवायला सांगते. नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात आज एक गोल काउंटर मांडला आहे, त्यावर हे नियम कोरलेले आहेत आणि कोणालाही तिथे जाऊन बसता येतं.

२७ फेब्रुवारीला जमावाने हल्ला केला. पोलिसांनी अटक केली ती ८१ विद्यार्थ्यांना, मारणारे मोकळे. पहिली तुकडी गाडीत चढवली की लगेच दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची, मग तिसरी. तुरुंग भरायला लागले आणि पोलिसांचाच हिशेब चुकला. न्यायालयाने ५० डॉलर दंड ठोठावला, तर विद्यार्थ्यांनी दंड नाकारून ३३ दिवसांची मजुरीची कैद पत्करली. महापौरांनी नेमलेल्या समितीने तोडगा सुचवला की काउंटरचा अर्धा भाग गोऱ्यांसाठी आणि अर्धा सर्वांसाठी ठेवावा. तो त्यांनी झिडकारला. तोवर ईस्टरच्या खरेदीच्या हंगामात कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजारात जाणंच थांबवलं होतं आणि भांडणाला घाबरलेले गोरेही फिरकेनात. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांचं घर डायनामाइटने उडवलं. लूबी दांपत्य बचावलं. त्याच दिवशी काही हजार माणसं तिघातिघांच्या रांगेत, घोषणा न देता, नगरभवनापर्यंत चालत गेली. तिथे डायान नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं, केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणं तुम्हाला चुकीचं वाटतं का? महापौरांना हो म्हणावं लागलं.

यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर उघडले ते ढोल वाजवून नव्हे. ठरलेल्या वेळी दोघं-तिघं कृष्णवर्णीय ग्राहक जातील, नोकरांना आधी कल्पना दिलेली असेल, वर्तमानपत्रं गाजावाजा करणार नाहीत, असं दुकानदारांशी बसून ठरवलं होतं. काही आठवडे हे असंच चालवलं. समोरच्याला हरल्यासारखं वाटू नये याची काळजी घेणं हाही त्या लढ्याचाच भाग होता. आपल्याकडे मागणी मान्य झाली की गुलाल उधळतो आणि अंमलबजावणी कोणी, कधी, कशी करायची याचा कागद हाती नसतो. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच मागणीसाठी तोच मोर्चा निघतो.

नियमांमधला दरवाजा न अडवण्याचा नियम मला सर्वात मोलाचा वाटतो. महाराष्ट्रातला निम्मा वाद ‘लोकांची गैरसोय’ या एका मुद्द्यावर अडकतो. सरकार म्हणतं, आंदोलनाने सामान्य माणसाला त्रास होतो. आंदोलक म्हणतात, त्रास झाल्याशिवाय कोणी ऐकत नाही. दोघांचंही थोडं खरं आहे. पण त्रास कोणाला द्यायचा हे ठरवता येतं. नॅशव्हिलमध्ये त्रास झाला तो भेदभाव करणाऱ्या दुकानाच्या गल्ल्याला. शेजारच्या दुकानात औषध घ्यायला आलेल्या गोऱ्या म्हातारीची वाट कोणी अडवली नाही. हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात मार्च १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अनुयायांनी बसण्यासाठी निवडले ते मंदिराचे चार दरवाजे. जिथे अन्याय होता, तीच जागा. आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंतचं अंतर रात्रीत चालून काढलं. पाय रक्तबंबाळ झालेली माणसं होती ती. मुंबईने त्यांना पाणी दिलं, चपला दिल्या. त्या एका रात्रीच्या निर्णयाने जे कमावलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानात उपोषण झालं तेव्हा परवानगी ५,००० माणसांची होती आणि लोक त्याच्या कितीतरी पट आले. सीएसएमटी आणि आसपासचे रस्ते भरून गेले, पाणी आणि स्वच्छतागृहं यांवरून हाल झाले, शेवटी उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करण्याचे आदेश द्यावे लागले. मागणीबद्दल मतं वेगळी असू शकतात. गावोगावहून भाकऱ्या आल्या, ही ताकदही खरी. पण एवढी माणसं येणार हे माहीत असताना त्यांच्या शौचालयांची सोय कोणी करायची हा प्रश्न सरकार आणि आयोजक दोघांनीही एकमेकांकडे ढकलला.

नागरी हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे मुख्य आयोजक बायर्ड रस्टिन यांनी हे काम कसं केलं ते बघण्यासारखं आहे. हाताशी जेमतेम दोन महिने. अपेक्षित माणसं एक लाख, आली सुमारे अडीच लाख. २,००० हून जास्त बस आणि २१ खास रेल्वेगाड्या. बसप्रमुखाने माणसं मोजायची, गाडी कुठे लावायची, परत कधी निघायचं, सगळं छापून दिलेलं. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी रात्रभर बसून जेवणाची ८०,००० पाकिटं भरली: चीजचं सँडविच, केकचा तुकडा आणि एक सफरचंद. किंमत ५० सेंट. घरून डबा आणणाऱ्यांना बजावलं होतं की मेयोनेज लावलेलं काही आणू नका, ऑगस्टच्या उन्हात ते नासतं आणि माणसं आजारी पडतात. ध्वनिक्षेपकावर रस्टिन अडून बसले. मागच्या माणसाला ऐकू आलं नाही की तो चुळबुळ करायला लागतो आणि गर्दी बिघडते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. आदल्या रात्री कोणीतरी त्या यंत्रणेची मोडतोड केली तेव्हा सरकारकडे तगादा लावून सैन्याच्या तंत्रज्ञांकडून ती दुरुस्त करून घेतली. व्यवस्था राखायला न्यूयॉर्कचे सुट्टीवरचे कृष्णवर्णीय पोलीस आणले, बंदुकीविना, आणि त्यांना आधी शिकवलं. एक दिवस, ठरलेल्या मागण्या, संध्याकाळी सगळे घरी.

आता दुसरा लाडका मुद्दा: ‘जनतेचा पाठिंबा कुठे आहे?’ अमेरिकेत तो नव्हता. गॅलप या संस्थेने १९६१ मध्ये विचारलं तेव्हा ५७ टक्के लोकांनी सांगितलं की काउंटरवर बसण्याने आणि अशा निदर्शनांनी कृष्णवर्णीयांचं नुकसानच होईल. १९६६ मध्ये किंग यांच्याबद्दल प्रतिकूल मत असणारे ६३ टक्के होते. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी १३ सेकंद गोळीबार करून चार विद्यार्थी मारले, नऊ जखमी केले. त्यानंतरच्या चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला. जवानांना दोष देणारे फक्त ११ टक्के. आज किंग यांच्या नावाने देशभर सुट्टी असते. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत असलेल्या लॉसन यांना विद्यापीठाने मार्च १९६० मध्ये काढून टाकलं होतं, पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना अध्यापक म्हणून बोलावलं आणि शहराने एका हायस्कूलला त्यांचं नाव दिलं. लोकप्रियता नसणं म्हणजे चूक असणं नव्हे. बरोबर असणंही नव्हे, हे आंदोलकांनीही ध्यानात ठेवावं.

युद्धविरोधी चळवळीचा आपल्याकडचा समज तर फारच उथळ आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात भरतीयोग्य वयाचे सुमारे २ कोटी ७० लाख तरुण होते, त्यातले सुमारे २२ लाख सक्तीने नेले गेले. कोण जाणार हे गावोगावची भरतीमंडळं ठरवत. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत, म्हणून ओझं गरिबांवर आणि कृष्णवर्णीयांवर. भरतीपत्रं जाळणाऱ्यांचे फोटो छापून आले. ऑगस्ट १९६५ च्या कायद्याने त्याला पाच वर्षं कैद आणि १०,००० डॉलर दंड ठेवला होता. पण खरी माणसं वाचवली ती चर्चच्या मागच्या खोल्यांत बसलेल्या सल्लागारांनी. युद्ध न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आणि युद्धाला नकार देणाऱ्यांच्या संस्थांनी या कामासाठी माणसं तयार केली. त्यांचा सल्ला अगदी कारकुनी असे. मंडळाला जे कळवायचं ते लेखी कळवा, रजिस्टर टपालाने पाठवा, प्रत्येक कागदाची प्रत ठेवा, कारण पुढे न्यायालय फक्त मंडळाच्या फाइलमधलाच कागद बघतं. तोंडी सांगितलेलं काही टिकत नाही. वर्गवारीचं पत्र आलं की अपिलाची मुदत चुकवू नका. सदसद्विवेकाच्या कारणाने नकार द्यायचा तर दीडशे क्रमांकाचा अर्ज मागवा, त्यातल्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा, ओळखणाऱ्यांची पत्रं जोडा. १९६५ च्या सीगर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देव न मानणाऱ्याच्या तितक्याच खोल श्रद्धेलाही मान्यता देणारा निकाल दिला आणि हा दरवाजा मोठा झाला.

१ डिसेंबर १९६९ ला सरकारने सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घालून, ज्याची जन्मतारीख आधी निघेल तो आधी जाणार. कुप्या पेटीत महिन्यांच्या क्रमाने टाकल्या होत्या, जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी. पेटी नीट ढवळलीच नाही आणि तशीच काचेच्या बरणीत ओतली. परिणाम असा की डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २६ पहिल्या निम्म्यात निघाल्या. जानेवारीच्या तारखांचा सरासरी क्रमांक २०१, डिसेंबरचा १२१. त्या सोडतीतून १९५ क्रमांकापर्यंतच्या मुलांना बोलावलं, म्हणजे नुसतं डिसेंबरात जन्मल्याने मुलाचं नशीब फिरलं. संख्याशास्त्रज्ञांनी आकडे मांडून हे दाखवलं आणि पुढच्या वर्षी दोन वेगळी पिंपं, आधीच यादृच्छिक क्रम लावलेल्या तारखा अशी पद्धत आली. नेमकेपणाने चूक दाखवली की सरकारला ती दुरुस्त करावी लागते. पुण्यात ऑगस्ट २०२४ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी दाखवलेली चूक अशीच नेमकी होती: २५ ऑगस्टला राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकभरतीची परीक्षा एकाच दिवशी. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. ‘व्यवस्था बदला’ म्हणून बसले असते तर कोण काय बदलणार होतं?

विद्यापीठांचंही तेच. मार्च १९६५ मध्ये ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस वर्ग बंद ठेवायचं ठरवलं. गव्हर्नर आणि लोकप्रतिनिधी खवळले: पगार घेता आणि शिकवत नाही? तेव्हा प्राध्यापकांनी बेत बदलला. वर्ग एकही बुडवायचा नाही. त्याऐवजी २४ मार्चच्या रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत व्हिएतनामवर शिकवायचं. मुलींच्या वसतिगृहांची रात्रीची बंदी त्या दिवसापुरती उठवून घेतली. सुमारे ३,००० जण आले. बॉम्ब ठेवल्याची धमकी आली तेव्हा सगळे इमारतीतून बाहेर थंडीत उभे राहिले आणि पुन्हा आत गेले. काही आठवड्यांत ही पद्धत देशभर गेली. आमच्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत साध्या परिसंवादाची परवानगी आदल्या दिवशी रद्द होते तेव्हा मला वाईट वाटतं, आणि त्यावर आयोजक फक्त निषेधाचं पत्रक काढून गप्प बसतात तेव्हा त्याहून जास्त.

केस, गिटार आणि गांजा यांबद्दल फार बोलावंसं वाटत नाही, पण एक गोष्ट नोंदवतो. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी भागात देशभरातून हजारो मुलंमुली येऊन पडली. राहायला जागा नाही, खायला नाही, एकाच सुईने नशा केल्याने कावीळ, गुप्तरोग, भलत्याच गोळ्यांनी बिघडलेली डोकी. ७ जूनला क्लेटन स्ट्रीटवर डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी फुकट दवाखाना उघडला. डॉक्टर बिनपगारी, पैसे गाण्याच्या कार्यक्रमांतून. भेदरलेल्या मुलाला पोलिसांच्या ताब्यात न देता शांत खोलीत बसवून धीर द्यायचा, ही तिथली रीत. ऑक्टोबरपर्यंत तिथल्याच लोकांनी हिप्पीची प्रेतयात्रा काढून टाकली. दवाखाना मात्र अनेक दशकं चालला आणि देशभर त्याच्यासारखे निघाले. गोव्यात हणजुणला त्याच लाटेतली माणसं पोचली, पण सोबत दवाखाना आला नाही. आला तो बाजार आणि नशा. आज तिथल्या ग्रामस्थांनी हिप्पींना नावं ठेवली तर त्यात त्यांची चूक काढता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ती धग आणि ते साहित्य आपल्याला ठाऊक आहे. ऑकलंडच्या पँथरांनी जानेवारी १९६९ पासून एका चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांना रोज सकाळी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली आणि एफबीआय या केंद्रीय तपास खात्याच्या प्रमुखाला बंदुकांपेक्षा त्या न्याहारीचीच जास्त धास्ती वाटली, हे आपल्याकडे क्वचित सांगितलं जातं.

यावरून सुरक्षेच्या कायद्याकडे येतो. जनसुरक्षा विधेयकाचे समर्थक म्हणतात, कडव्या डाव्या संघटना शहरांत मुखवटे घालून काम करतात, इतर काही राज्यांत असे कायदे आहेत, आणि सरकारच्या निर्णयावर सल्लागार मंडळाचा तपास आहे. हिंसा करणाऱ्याला मोकाट सोडा असं मी म्हणणार नाही. मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका घरात बॉम्ब बनवताना वेदर अंडरग्राउंड या जहाल डाव्या गटाचे तिघे स्वतःच उडाले, तीही त्याच दशकाची देणगी. पण संघटनेला बेकायदा ठरवण्याचा अधिकार सैल शब्दांत दिला की तो कुठे जातो, हेही इथे घडून गेलं आहे. अलाबामा राज्याने १९५६ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या सर्वात जुन्या, पूर्ण सनदशीर संस्थेवर बंदी आणली आणि सभासदांची यादी मागितली. यादी दिली असती तर शिक्षकांच्या नोकऱ्या आणि माणसांचे जीव गेले असते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये यादीची सक्ती फेटाळली. तरी बंदी उठायला एकूण आठ वर्षं गेली. एफबीआयने चळवळींवर गुप्तपणे चालवलेला उद्योग तर मार्च १९७१ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या कार्यालयातून काही नागरिकांनी कागद पळवले तेव्हाच उघडा पडला. किंग यांना जीव द्यायला सुचवणारं निनावी पत्र पाठवण्यापर्यंत त्या खात्याची मजल गेली होती. पुढे सिनेटच्या समितीने चौकशी केली, कायदे बदलले. बिघाड झाल्यावर तो दुरुस्त करणारी न्यायालयं आणि समित्या होत्या म्हणून हे झालं. महाराष्ट्रात आधी तेवढी तजवीज कायद्यात लिहा, मग अधिकार मागा.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांनाही एक सांगायचं आहे. १९४६ ते १९६५ या काळात भारतातून इथे स्थायिक व्हायला वर्षाकाठी १०० माणसांचा कोटा होता. वंश आणि देश बघून माणूस मोजणारी ती पद्धत ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने गेली. त्याआधी १५ महिन्यांत नागरी हक्क कायदा आणि मतदान हक्क कायदा झाले होते. तोच रेटा, तीच संसद. काउंटरवर मार खाणाऱ्या पोरांनी हवा बदलली नसती तर इथली मंडळं, गणपती, आपली घरं यांतलं फार थोडं उभं राहिलं असतं. तरीही गावाकडच्या प्रत्येक आंदोलनाला ‘रिकामटेकडे’ म्हणणारे संदेश इथूनच जास्त जातात. हे मला मनापासून टोचतं.

तालीम असली की सगळं जमतं असंही नाही, आणि ते लॉसन यांच्याच बाबतीत घडलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये टेनेसीतल्याच मेम्फिसला कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन कामगार मेले. १,३०० सफाई कामगार संपावर गेले. लॉसन संपाच्या पाठिंबा समितीचे प्रमुख होते. २८ मार्चच्या मोर्चाला किंग आले, उशिरा आले. गर्दीत शाळकरी पोरं होती, त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं, स्वयंसेवक अपुरे, आणि फलक लाकडी दांड्यांवर ठोकलेले. बील स्ट्रीटवर त्याच दांड्यांनी काचा फुटल्या. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, १६ वर्षांचा एक मुलगा गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी कामगार पुन्हा निघाले ते एका रांगेत, सैनिकांच्या संगिनींसमोरून, फलक दोरीने गळ्यात अडकवून. दांडा कोणाच्याही हातात नव्हता. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली. ८ एप्रिलला हजारो माणसांचा मूक मोर्चा रस्टिन यांच्या आखणीने निघाला, दोन्ही बाजूंना स्वयंसेवकांची साखळी, आणि कुठेही दगड पडला नाही. १६ एप्रिलला शहराने कामगारांची युनियन मान्य केली, पगारातून वर्गणी कापून घ्यायची सोय मान्य केली, आणि तासाला १० सेंटची वाढ १ मेपासून, आणखी ५ सेंटची १ सप्टेंबरपासून, अशी तारखांसकट लिहून दिली.